काळ्या पाषाणातील निळे रत्न

निळे रत्न म्हटले की आपल्याला आठवतो नीलम. शनीचा खडा! लाभतो की नाही हे पाहण्यासाठी तो आधी उशीखाली ठेवून झोपणारी मंडळी आपल्या ओळखीतही असतील. शास्त्राच्या दृष्टीने नीलम म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. लोह व टायटॅनियमच्या अंशामुळे त्याला निळा रंग येतो. काठिण्य ९, म्हणून अंगठीत पिढ्यानुपिढ्या टिकतो.

परंतु आपल्या महाराष्ट्राच्या दगडातही एक निळाई दडलेली आहे आणि तिचे नाते आम्हा रेल्वेवाल्यांच्या खडीशी आहे.

बेंगळुरूचा खडक फार जुना. लालबागेतील टेकडीचा दगड सुमारे ३०० कोटी वर्षांचा. उद्यान एक्स्प्रेसने मुंबईकडे निघालो की कलबुर्गी-सोलापूरकडे आपला काळा पाषाण भेटतो. हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजे विरघळलेले पाणी त्यांत झिरपले व आतल्या आत स्फटिक वाढले.

या पोकळ्या प्रथम मोठ्या प्रमाणावर उघडल्या त्या रेल्वेने. जी.आय.पी. रेल्वेने १८५६ ते १८६३ या काळात जेम्स बर्कले यांच्या आराखड्यानुसार बोरघाट फोडला. २५ बोगदे, हजारो मजूर, वर कॉलऱ्याची साथ. किती जण तिथेच गेले! सुरुंगाने फुटलेल्या त्या दगडांतून स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट यांचे देखणे स्फटिक निघाले आणि युरोपातील संग्रहालयांत जाऊन बसले. पहार मारणाऱ्याचे नाव मात्र कुठेही नाही.

पुण्याजवळच्या वाघोलीची गोष्ट अलीकडची. कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिकॉन यांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेले 'कॅव्हन्साइट' हे खनिज प्रथम सापडले अमेरिकेत, ओरेगॉन राज्यात, १९६७ साली. तिथे ते अगदी थोडे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वाघोलीच्या खाणींतील नमुने बाहेर आले आणि जगभरचे संग्राहक चकित झाले. पांढऱ्याशुभ्र स्टिल्बाइटवर गर्द निळ्या सुयांचे गेंद! हा रंग व्हॅनेडियमचा. माझ्या मते नीलमाच्या निळ्याहून तो अधिक जिवंत आहे.

मात्र काठिण्य जेमतेम ३ ते ४. चाकूनेही ओरखडा उठतो. हौशी लोक पेंडंटमध्ये बसवतात, पण रोजच्या अंगठीला हा दगड नव्हे. शनीचाही याच्याशी संबंध नाही, तेवढीच निश्चिंती!

वाघोलीच्या खाणी चालल्या त्या खडीसाठी. पोकळी दिसताच कामगाराने हात थांबवला तर स्फटिक वाचतो, नाही तर क्रशरमधून थेट काँक्रीटमध्ये. आमच्या रुळांखालच्या खडीतही कधी कधी पांढरे चमकते कण दिसतात, ते याच कुळातले. निळा कण मात्र मला अजून दिसलेला नाही.

शिर्डीला जाणाऱ्यांनी वाटेत सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयासाठी दोन तास जरूर राखून ठेवावेत.