आपत्कालीन हवाई छत्रीचे साठवण-आयुष्य

आपत्कालीन हवाई छत्री (पॅराशूट) म्हणजे उडते विमान सोडून द्यावे लागल्यास जीव वाचविण्यासाठी वैमानिकाजवळ असलेली छत्री. हौशी उडी मारणाऱ्याची मुख्य छत्री वारंवार उघडते, त्यामुळे तिची झीज लक्षात येते. आपत्कालीन छत्री मात्र बहुधा एकदाही वापरली न जाता जुनी होते. म्हणूनच ती किती वर्षे भरवशाची राहते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

४ जून २०२४ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात शिरसगावजवळ सुखोई-३० एमकेआय जातीचे लढाऊ विमान कोसळले. दोन्ही वैमानिक आसनासह बाहेर फेकले गेले आणि छत्रीच्या साहाय्याने उतरून बचावले. या विमानात छत्री आसनाच्या डोक्याकडील भागात बंदिस्त असते. ग्लायडर व कसरतीच्या विमानांचे वैमानिक ती पाठीवर बांधतात.

== कापड व त्याची झीज ==
आरंभीच्या छत्र्या रेशमाच्या असत. रेशमाला कसर व बुरशी लागते, तसेच दीर्घकाळ एकाच रेषेवर राहिलेली घडी कमजोर होते. पैठणीची घडी अधूनमधून मोडून वेगळ्या रेषेवर घालण्याची घरगुती रीत याच कारणाने पडली आहे. १९३५ मध्ये ड्यूपाँ कंपनीत नायलॉनचा शोध लागला आणि दुसऱ्या महायुद्धात जपानी रेशीम मिळेनासे झाल्यावर छत्र्यांसाठी त्याचा वापर रूढ झाला.

नायलॉनला कसर लागत नाही, पण सूर्यप्रकाशातील अतिनील किरण आणि आम्ल हे त्याचे शत्रू होत. बॅटरीतील आम्लाचे शिंतोडे उडाल्यास कापड वरून धड दिसूनही आतून जीर्ण होऊ शकते. उन्हात उभ्या मोटारीच्या डिकीत छत्री ठेवणे म्हणूनच वर्ज्य मानतात; मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर ते विशेषच घातक. कोरडी, थंड व अंधारी जागा हीच तिची योग्य जागा. कापडाखेरीज दोऱ्यांच्या घड्या धरून ठेवणारी रबरी वळी कडक होतात, स्प्रिंगांचा ताण उतरतो आणि धातूच्या कड्यांचा गंज शेजारच्या कापडात उतरतो.

१९८० च्या दशकात अमेरिकेत एक विलक्षण दोष उघडकीस आला. काही गोल राखीव छत्र्यांच्या जाळीदार कापडात आम्ल राहून गेले होते व त्याने लगतचे नायलॉन कमजोर केले. या छत्र्या फार जुन्या नव्हत्या. तपासणीसाठी जाळीला ब्रोमोक्रेसॉल ग्रीन हे रंगसूचक लावीत. रंग पिवळा झाला की आम्ल असल्याचे ठरे. नंतर कापड चिमट्यांत धरून ठरावीक ताणाने ओढून पाहत. केवळ निर्मितीचे वर्ष पाहून छत्रीची पारख करणे किती अपुरे आहे, हे या प्रकरणाने दाखविले.

== मुदत ==
पुन्हा घडी घालण्याची मुदत आणि एकूण आयुष्य या दोन भिन्न गोष्टी असून त्यांत अनेकदा गल्लत होते. अमेरिकेच्या नियमांनुसार कृत्रिम धाग्याची आपत्कालीन छत्री १८० दिवसांत (२००८ पूर्वी १२०) आणि रेशमासारख्या नैसर्गिक धाग्याची ६० दिवसांत परवानाधारक रिगरने उघडून, तपासून पुन्हा बांधलेली असावी लागते. एकूण आयुष्याची सरसकट मर्यादा मात्र तेथे नियमाने घातलेली नाही. ती निर्माता ठरवितो. अनेक निर्माते २० वर्षांच्या आसपासची मर्यादा सांगतात. ही मर्यादा सावधगिरीची आहे. तिच्या आतली प्रत्येक छत्री सुरक्षित असतेच असे नाही, आणि ती ओलांडलेली प्रत्येक छत्री फाटतेच असेही नाही.

सिरस कंपनीच्या लहान विमानांत संपूर्ण विमानालाच तोलून धरणारी छत्री असते. ती रॉकेटने बाहेर खेचली जाते. तेथे प्रश्न केवळ कापडाचा नसून रॉकेटच्या इंधनाचाही असल्याने १० वर्षांनी छत्रीची नव्याने बांधणी होते व रॉकेटही बदलले जाते.

== भारतातील निर्मिती ==
कानपूर येथील पॅराशूट कारखाना १९४१ मध्ये स्थापन झाला. २०२१ पासून तो ग्लायडर्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. छत्र्यांविषयीचे संशोधन आग्रा येथे संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या प्रयोगशाळेत चालते.