सेवागौरव (बुलढाणा जिल्हा)

सेवागौरव (बुलढाणा जिल्हा) : गावाच्या, समाजाच्या उपयोगी पडलेल्या स्थानिक माणसाचा जाहीर सन्मान करण्याची प्रथा. अमरावती विभागातील या तेरा तालुक्यांच्या जिल्ह्यात असा गौरव शासन करते, संस्था करतात आणि कित्येकदा गाव स्वतःहून करते.

गावातला सत्कार बहुधा 15 ऑगस्ट, 26 जानेवारी किंवा 1 मे रोजी, नाहीतर हरिनाम सप्ताहाच्या सांगतेला होतो. ध्वजवंदन आटोपले की जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणावर सत्कारमूर्तीला पुढे बोलावतात. फेटा बांधतात, शाल-श्रीफळ देतात. मान मोठा असेल तर मानपत्र असते आणि ते खड्या आवाजात वाचायला शाळेतले गुरुजी उभे राहतात. सत्काराचा खरा ऐवज हे मानपत्रच होय. ‘थोर समाजसेवक’, ‘दानशूर’ अशी विशेषणे कोणालाही चिकटतात. पण कोणी कोणती विहीर खुली केली, कोणी बाळंतिणीला रात्री दवाखान्यात पोहोचवले, हे नाव-गावासह लिहिले तरच पुढच्या पिढीला त्या माणसाची ओळख राहते.

शासकीय सन्मानांपैकी समाजकल्याण क्षेत्रातील ‘दलितमित्र’ हा जुना पुरस्कार. तो पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर समाजभूषण या नावाने दिला जाऊ लागला. आदर्श शिक्षक आणि जिल्हा युवा पुरस्कारही प्रतिवर्षाच्या परिचयाचे आहेत. मात्र खेड्यातल्या माणसाच्या सर्वांत जवळ आलेला सन्मान म्हणजे 2023 मध्ये सुरू झालेला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर पुरस्कार. अहिल्यादेवींच्या जयंतीला, 31 मे रोजी, प्रत्येक ग्रामपंचायतीने महिला व बालकल्याणाचे काम करणाऱ्या दोन स्थानिक महिलांना गौरवावे, अशी ही योजना आहे. सन्मानपत्र, सन्मानचिन्ह, शाल, श्रीफळ आणि रोख 500 रुपये असे त्याचे स्वरूप. रक्कम लहान आहे, पण बालविवाह रोखणाऱ्या किंवा बचतगट उभा करणाऱ्या बाईचे नाव तिच्याच गावात, तिच्या सासर-माहेरच्या माणसांसमोर पुकारले जाते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सभागृहात मिळालेल्या मोठ्या ढालीपेक्षा या पुकाऱ्याचे मोल अधिक आहे.

संस्थांच्या सन्मानांत सिंदखेडराजाचे स्थान वेगळे आहे. राजमाता जिजाऊंच्या या जन्मगावी 12 जानेवारीला जन्मोत्सवासाठी महाराष्ट्रभरातून लोक येतात. मराठा सेवा संघाने येथे उभारलेल्या जिजाऊ सृष्टीवर याच दिवशी मराठा विश्वभूषण पुरस्कार दिला जातो.

सेवा आणि मान यांचे नाते या जिल्ह्यात सर्वांत ठळक दिसते ते शेगावला. श्री गजानन महाराज संस्थानात दर्शनबारी, महाप्रसाद, स्वच्छता, पादत्राणे सांभाळणे ही कामे सेवाधारी करतात. पांढऱ्या पोशाखातला सेवाधारी लहानथोर प्रत्येकाला ‘माउली’ म्हणतो. गावी तो शेतकरी असेल, शिक्षक असेल किंवा दुकानदार. येथे त्याला मोबदला नाही, नावाची पाटीही नाही. तरीही सेवेची पाळी मिळावी म्हणून लोक वाट पाहतात. ही शिस्त घडवण्यात संस्थानचे विश्वस्त शिवशंकरभाऊ पाटील यांचा वाटा फार मोठा. कित्येक दशके त्यांनी संस्थानचा कारभार निःस्पृहपणे पाहिला. मंदिराच्या दानातून दवाखाने, शाळा आणि 1983 मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. भाऊ व्यासपीठापासून आणि प्रसिद्धीपासून दूर राहत. 4 ऑगस्ट 2021 रोजी त्यांचे निधन झाले. लोकांनी त्यांना दिलेली ‘कर्मयोगी’ ही पदवी कोणत्याही समितीने ठरवलेली नव्हती.

हेच बिरुद मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रमच्या शुकदास महाराजांनाही लोकांनीच लावले. 1965 मध्ये त्यांनी विवेकानंद आश्रम स्थापन केला आणि रुग्णसेवेबरोबर शिक्षणसंस्थाही उभ्या केल्या. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात येथे हजारो स्त्री-पुरुष शेतात ओळीने बसतात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पुरी व वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद त्यांच्या पानापर्यंत येतो. आसपासच्या खेड्यांतले स्वयंसेवक पंगती वाढतात.

चिखली तालुक्यातील पळसखेड सपकाळ येथे सेवासंकल्प प्रतिष्ठान रस्त्यावर भटकणाऱ्या, बेवारस मनोरुग्णांना आणते. आधी त्यांचे वाढलेले केस कापायचे, आंघोळ घालायची, जखमा धुवायच्या आणि मग औषधोपचार, असे हे काम चालते. या कामाची दखल अनेकांनी घेतली आहे. मात्र अशा ठिकाणी सत्काराबरोबर धान्य, औषधे आणि कपडेही पोहोचणे आवश्यक आहे.

सन्मान नेहमी एकट्याचाच असतो असे नाही. 2018 च्या सत्यमेव जयते वॉटर कप या गावागावांतील जलसंधारणाच्या स्पर्धेत मोताळा तालुक्यातील सिंदखेड गावाने सातारा जिल्ह्यातील भांडवलीबरोबर दुसरा क्रमांक विभागून मिळवला. ऐन एप्रिल-मेच्या उन्हात टिकाव-फावडे घेऊन माळावर चर खोदणाऱ्या अख्ख्या गावाचा तो मान होता. जलसंधारणाच्या कामात एकाच्या गळ्यात हार घालणे अन्यायाचे ठरते, हे या प्रकारच्या स्पर्धांनी योग्य रीतीने ओळखले.

गौरवाचा आणखी एक टिकाऊ प्रकार म्हणजे चरित्रलेखन. महात्मा जोतीराव फुले यांचे चरित्र 1927 मध्ये प्रसिद्ध झाले, ते चिखलीचे सत्यशोधक कार्यकर्ते पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी लिहिले. मोठ्या शहरांतल्या विद्वानांनी जे मनावर घेतले नव्हते, ते वऱ्हाडातल्या या माणसाने केले.

स्थानिक सेवेकऱ्यांबाबत मात्र अशी लेखी काळजी क्वचितच घेतली जाते. शाल, नारळ आणि एक छायाचित्र एवढ्यावर बहुतेक सत्कार संपतात. प्रत्येक ग्रामपंचायतीने सत्कारमूर्तींची एक वही ठेवावी, तीत नाव, वर्ष आणि नेमके काम लिहावे आणि दर 15 ऑगस्टला ती ग्रामसभेत वाचून दाखवावी.