कुंडी भंडाऱ्याचे पाणी : बुऱ्हाणपूरची कारेज आणि तिचे रसायन

नैसर्गिक साधनसंपत्तीचा जपून वापर हे प्रकरण शालेय रसायनशास्त्राच्या पुस्तकांत हटकून असते. पिण्याच्या पाण्याविषयी तिथे तुरटी, वाळूची गाळणी आणि क्लोरीन असा क्रम दिलेला असतो. मात्र पाणी मुळात येते कोठून, वर्षाकाठी किती येते आणि त्यात विरघळलेले द्रव्य पुढे जाते कोठे, हे प्रश्न बहुधा भूगोलाच्या तासावर ढकलले जातात. या तिन्ही प्रश्नांचा एकत्र विचार करायला लावणारी एक वास्तू जुन्या खानदेशात, रावेर तालुक्याच्या हद्दीपलीकडे, मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर येथे आहे. तिला कुंडी भंडारा म्हणतात. जुने प्रचलित नाव खूनी भंडारा.

इ. स. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला आणि फारुकी घराण्याची सत्ता संपली. त्यानंतर बुऱ्हाणपूर हे मोगलांच्या दख्खन मोहिमांचे मुख्य ठाणे बनले. लष्कर, सराया, विणकरांची वस्ती यांनी शहर वाढले. तापी शेजारून वाहत होती खरी. पण पावसाळ्यात तिचे पाणी गढूळ, उन्हाळ्यात तुटपुंजे आणि काठावरच्या वस्तीत ते उपसून आणावे लागे. अशा स्थितीत १६१५ च्या सुमारास, जहांगीरच्या कारकिर्दीत, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या अमलाखाली येथे भुयारी जलव्यवस्था उभी राहिली. एकूण आठ भंडारे बांधले गेले, असे परंपरा सांगते. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण ही त्यांतील काही नावे. श्रेय दिले जाते ते तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी तज्ज्ञाला.

हे नाव उर्दूच्या अभ्यासकाला थोडे थबकवते. ‘तबकातुल अर्ज’ म्हणजे जमिनीचे थर, आणि उर्दूत भूगर्भशास्त्राला हाच शब्द आहे. तेव्हा हे त्या गृहस्थाचे खरे नाव, की त्याच्या विद्येचे नाव पुढे त्यालाच चिकटले, अशी शंका घेण्यास पुरेशी जागा आहे. काही असो, जमिनीचे थर ओळखणारा कोणीतरी तिथे होता, याची साक्ष बांधकामच देते.

कारेजची रचना सांगायला सोपी, करायला कठीण. डोंगराच्या उतारावर भूजल जिथे वर आहे तिथे पहिली विहीर खणायची. तिच्या तळापासून शहराच्या दिशेने अगदी मंद उताराचे भुयार काढायचे आणि ठराविक अंतराने वर उभ्या कुंड्या ठेवायच्या. खोदलेली माती त्यांतून बाहेर निघते, हवा आत जाते, पुढे दुरुस्तीला माणूस उतरतो. कुंडी भंडाऱ्यात अशा शंभराहून अधिक कुंड्या आहेत. सातपुड्याकडून येणारे पाणी निव्वळ उताराच्या बळावर जाली करंज या साठवण-वास्तूत येई आणि तेथून नळांनी शहरात जाई. पंप नाही, इंधन नाही. ही विद्या इराणात फार जुनी. अकराव्या शतकाच्या सुरुवातीस गणितज्ञ अल-कराजी याने ‘इन्बातुल मियाहिल खफिय्या’ हा ग्रंथ याच विषयावर लिहिला. त्यात पाण्याचा शोध, उतार मोजण्याची साधने आणि भुयाराची देखभाल यांचे विवेचन आहे.

आता रसायन. पावसाचे पाणी हवेतून थोडा आणि मातीतून बराच कार्बन डायऑक्साइड घेते. मोकळ्या हवेत हा वायू जेमतेम ०.०४ टक्के असतो. मुळे आणि सूक्ष्मजीव यांच्या श्वसनामुळे मातीतील हवेत त्याचे प्रमाण कितीतरी पट वाढते. असे सौम्य आम्लधर्मी झालेले पाणी जमिनीतील चुनखडीच्या संपर्कात आले की न विरघळणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटचे विरघळणारे कॅल्शियम बायकार्बोनेट होते. पाणी जड म्हणजे दुष्फेन होते ते यामुळे. हे पाणी भुयारात झिरपले की कुंड्यांतून खेळणाऱ्या हवेशी त्याची गाठ पडते, जास्तीचा कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि अभिक्रिया उलट फिरते. कॅल्शियम कार्बोनेट पुन्हा घनरूपात येऊन भिंतींवर बसते. कुंडी भंडाऱ्यातील पांढरे थर हे या क्रियेचे फळ. त्यांनी झिरपण्याच्या वाटा बुजतात आणि प्रवाह घटतो, ही या वास्तूची आजची मोठी चिंता आहे.

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली की ती दुधाळ होते, फुंकत राहिले तर पुन्हा नितळ होते. हा प्रयोग प्रत्येक शिक्षक करून दाखवतो. ती नितळ झालेली निवळी उकळली तर पुन्हा गढुळते. परीक्षानळीत पाच मिनिटांत घडणारी हीच गोष्ट बुऱ्हाणपूरच्या जमिनीखाली चारशे वर्षे घडत आहे. वर्गात हे कधी सांगितले जात नाही, याचे नवल वाटते.

हा थर काढण्यासाठी आम्ल वापरावे असे कोणालाही पटकन सुचेल. हायड्रोक्लोरिक आम्लात तो फसफसत विरघळेलही. परंतु जुन्या बांधकामाचा चुनाही हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून अखेर कॅल्शियम कार्बोनेटच झालेला असतो. आम्लाला साका आणि सांधा यांतला फरक कळत नाही. म्हणून हाताने, जपून खरवडणे हाच मार्ग उरतो. तो वेळखाऊ आणि खर्चिक आहे.

चिंतेचे दुसरे कारण अधिक गंभीर. कारेज भुयाराच्या पातळीच्या वरचेच पाणी घेऊ शकते. पाऊस कमी झाला तर धार बारीक होते. कितीही गरज असली तरी खालचा साठा तिच्या आवाक्यात नसतो. ही तिची उणीव म्हणावी तर तीच तिची शिस्तही आहे. विजेच्या पंपाला असे बंधन नाही. शेजारी खोल बोअर झाली आणि पातळी भुयाराच्या खाली गेली की कारेज कोरडी पडते. इराणात विसाव्या शतकात असंख्य कारेजी अशाच आटल्या. जुन्या फिकहमध्ये यासाठी ‘हरीम’ ही कल्पना आहे: विहिरीभोवतीचे असे क्षेत्र, जिथे दुसऱ्याने खणू नये. किती हात अंतर, यावर फकीहांत मतभेद आहेत. कराजीनेही हरीमचा विचार केला आहे, आणि माती कशी आहे यावर अंतर अवलंबून असावे, हे आजच्या भूजलशास्त्रालाही मान्य होईल. तरीही जुन्या व्यवस्थेचे फाजील कौतुक नको. सतराव्या शतकातल्या शहराला पुरणारे पाणी आजच्या बुऱ्हाणपूरला पुरणार नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे आणि वाळू यांचा पाणी पिणारा पट्टा आहे. भूशास्त्रज्ञ त्याला बझाडा म्हणतात. रावेर-यावलच्या केळीच्या बागा आणि बुऱ्हाणपूरचीही केळी याच परिसरातील भूजल उपसतात आणि पातळी दशकानुदशके खाली जात आहे. या पट्ट्यात तापीचे पुराचे पाणी मुरवण्याच्या महापुनर्भरण योजनेसाठी १० मे २०२५ रोजी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यात करार झाला. त्याआधी २०२४ मध्ये कुंडी भंडारा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आला होता.

महाविद्यालयांना यात करण्याजोगे एक साधे काम आहे. परवानगी घेऊन वरच्या आणि खालच्या कुंडीतील पाण्याचे नमुने घ्यावेत आणि ईडीटीए अनुमापनाने दोन्हींचा जडपणा मोजावा. मधल्या टप्प्यात नवे पाणी मिसळत नसेल, तर येणारी तूट म्हणजे वाटेत बसलेला चुना. समजा, लिटरमागे केवळ १० मिलिग्रॅम फरक आला आणि रोज १ लाख लिटर पाणी वाहिले, तर दिवसाला १ किलो आणि वर्षाला ३६५ किलो साका होतो. आकडे येथे नमुन्यादाखल घेतले आहेत. खरे आकडे हाती आले की किती वर्षांनी भुयार खरवडावे लागेल, हे नगरपालिकेला कागदावर दाखवता येईल.