शिनूकच्या पोटात, 1966

व्हिएतनाम, 1966. आन खेच्या तळाजवळ तुम्ही शिनूक हेलिकॉप्टरच्या फरशीवर पालथे पडला आहात आणि फरशीतल्या चौकोनी भोकातून खाली बघताय. खाली हूकला अडकवलेली 105 मिलिमीटरची तोफ आहे, वजन दोन टनांच्या वर. शेजारी पडलेला फ्लाइट इंजिनिअर हेडसेटवर वैमानिकाला सांगतोय, “थोडं पुढे, सर. अजून थोडं. थांबा.” पट्टे ताणतात, चिखलात रुतलेली चाकं सुटतात.

तोफ पुढेमागे झोके घेते, तरी यंत्र कलंडत नाही. एका पंख्याच्या हेलिकॉप्टरमध्ये सगळं ओझं जवळजवळ त्या एका दांड्याखालीच यावं लागतं. इथे पुढचा आणि मागचा पंखा भार वाटून घेतात. दोघे उलट दिशांना फिरतात, म्हणून यंत्राला गरगर फिरवणारा जोर आपसातच जिरतो. शेपटीवर छोटा पंखा नको, त्याला ताकद पुरवायला नको. वळायचं असेल तर वैमानिक पॅडल दाबतो, पुढचा पंखा एका बाजूला झुकतो, मागचा दुसऱ्या बाजूला.

पण हे फुकट मिळालेलं नाही. टेकडीकडे वेग घेतलात की मागच्या पंख्याला पुढच्याने ढवळलेली हवा मिळते आणि ताकद वाया जाते. मागचा पंखा उंच खांबावर बसवलाय तो त्यासाठीच. तरी त्रास पुरता जात नाही.

खरी किंमत तुमच्या डोक्यावर, छतापलीकडे आहे. एकेक पंखा सुमारे 18 मीटर व्यासाचा, पण दोघांच्या दांड्यांमध्ये अंतर जेमतेम 12 मीटर. म्हणजे पाती एकमेकांच्या वाटेत येतात. छतावरून गेलेला शाफ्ट आणि गिअरबॉक्स त्यांची लय बांधून ठेवतात. एकाची तीन पाती दुसऱ्याच्या तीन पात्यांच्या मधल्या फटीतून जातात. एक इंजिन बंद पडलं तरी दुसरं दोन्ही पंखे फिरवतं. ही लय तुटली, तर मात्र दुसरा उपाय नाही.

संध्याकाळी तळावर एक मेकॅनिक छतावर चढून झाकणं उघडतो, एकेक जोड बोटांनी चाचपतो. त्याला बराच वेळ लागतोय. त्याच्यापाशी थांबा. वीस वर्षांनी, 6 नोव्हेंबर 1986 ला, शेटलंडजवळ याच जातीच्या नागरी हेलिकॉप्टरच्या पुढच्या गिअरबॉक्समधलं एक चक्र निकामी होणार आहे. पाती एकमेकांवर आदळतील आणि 45 माणसं जातील.