निबंधातले 'भरतीचे शब्द' : कोणते काढायचे, कोणते ठेवायचे?

एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. पर्यायांना गोल करण्याची सवय असलेल्या उमेदवारांना आता निबंध लिहावा लागतो. यूपीएससीत तर तीन तासांत १००० ते १२०० शब्दांचे दोन निबंध असतात. शब्द मोजके असतील, तर काहीच न सांगणारा प्रत्येक शब्द मुद्द्याची जागा खातो.

भरतीचे शब्द म्हणजे काय?

काढून टाकले तरी अर्थ बदलत नाही, ते भरतीचे शब्द. संस्कृत श्लोकांत मात्रा भरायला च, वै, तु, हि वापरत. त्यांना 'पादपूरक' म्हणतात. तिथं छंदाची गरज होती, निबंधात ती नसते.

मराठीत ते कुठे सापडतात?

- भाषणातून : 'या ठिकाणी', 'खऱ्या अर्थाने', 'सांगू इच्छितो'
- सरकारी पत्रांतून : 'च्या माध्यमातून', 'करण्यात येत आहे'
- द्विरुक्तीतून : 'पण परंतु', 'पुन्हा परत', 'सर्वात उत्कृष्टतम'. 'पिवळा पीतांबर' आणि 'गाईचं गोमूत्र' ही तर जुनी उदाहरणं.

काटछाट कशी करायची?

आधी : 'राजर्षी शाहू महाराज यांच्या माध्यमातून सन १९०२ या सालामध्ये मागासवर्गीयांसाठी ५० टक्के आरक्षणाची अंमलबजावणी करण्यात आलेली होती, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही.' (२३ शब्द)

नंतर : 'राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी ५० टक्के आरक्षण लागू केले.' (११ शब्द)

'करण्यात आली' गेलं आणि कर्ता समोर आला. 'वावगे ठरणार नाही' गेलं, कारण ही नोंदलेली घटना आहे, तिला शंकेची झालर नको. शिवाय एक उणीव उघडी पडली : आरक्षण कुठे? वाचलेल्या १२ शब्दांत ते सांगता येतं. कोल्हापूर संस्थानाच्या नोकऱ्यांत, २६ जुलै १९०२ च्या आदेशानं. भरतीचे शब्द अनेकदा माहितीतली पोकळीच झाकतात. म्हणून निबंध छाटल्यावर आखूड झाला, तर मुद्दे कमी पडलेत असं समजावं.

कोणत्या शब्दांना हात लावू नये?

छोटा शब्द म्हणजे भरतीचा शब्द नव्हे. 'शाहूंनी शाळा काढल्या', 'शाहूंनीच शाळा काढल्या' आणि 'शाहूंनीही शाळा काढल्या' हे तीन वेगळे दावे आहेत. 'बहुतेक', 'काही' हे शब्द काढले तर खरं विधान खोटं ठरू शकतं. कोल्हापुरी बोलण्यातलं 'खरं' परक्याला भरतीचं वाटेल, पण तिथं ते 'पण'चं काम करतं. निबंधात त्याजागी 'पण' लिहायचं, गाळायचं नाही.

सोपी कसोटी

वाक्य मोठ्यानं वाचा. शंका आलेल्या शब्दावर बोट ठेवून पुन्हा वाचा. अर्थ, कर्ता किंवा खात्रीचं प्रमाण बदललं तर शब्द ठेवा. काहीच बदललं नाही तर खोडा.