पडद्यावरचं जनावर

जंगली श्वापदाच्या भयपटाची गोष्ट सांगायला फार वेळ लागत नाही. रस्ता संपतो तिथून पुढचा एक मुलूख असतो. रात्र असते, वारा असतो. आधी एखादं कुत्रं नाहीसं होतं, मग माणूस. गावातला एक म्हातारा सांगत असतो की हे साधं जनावर नव्हे, आणि त्याचं कुणी ऐकत नाही. शेवटी बाहेरून आलेला कुणी बंदूकवाला सगळं निस्तरतो. अमेरिकेत १९७५ साली 'जॉज'मध्ये हे काम शार्क माशानं केलं. ऑस्ट्रेलियात १९८४ साली 'रेझरबॅक'मध्ये एका अवाढव्य रानडुकरानं. आपल्या हिंदीत २००५ साली 'काल' आला. त्यात वाघ होते आणि वाघांच्या जोडीला भूतही होतं. एकट्या वाघाला प्रेक्षक भितील, याची निर्मात्यांना खात्री नसावी.

मी असे चित्रपट आवडीनं पाहतो. घाबरायला मिळावं म्हणून तिकीट काढणाऱ्यांतला मीही एक. पण एक प्रश्न मला खुर्चीत स्वस्थ बसू देत नाही. हे जनावर आलं कुठून? काल ते कुठे होतं, काय खात होतं? पडद्यावर ते अंधारासारखं आपोआप येतं. इतिहासात तसं घडलेलं दिसत नाही.

आफ्रिकेतलं त्सावोचं प्रकरण घ्या. १८९८ साली आजच्या केनियात इंग्रज रेल्वे टाकत होते. त्सावो नदीवर पूल बांधायचा होता आणि त्यासाठी हिंदुस्थानातून हजारो मजूर नेले होते. दोन सिंह रात्री तंबूंत शिरून या मजुरांना ओढून नेऊ लागले. नऊ महिने हे चाललं. काम बंद पडलं. अखेर पुलाचा अधिकारी जॉन पॅटरसन यानं त्या डिसेंबरात दोन्ही सिंह मारले. यावर १९५२ साली 'बवाना डेव्हिल' आणि १९९६ साली 'द घोस्ट अँड द डार्कनेस' हे चित्रपट निघाले. दुसऱ्यात आपले ओम पुरी आहेत.

पॅटरसननं पुढे मृतांचा आकडा १३५ सांगितला. ते सिंह कातडी आणि कवट्यांच्या रूपानं शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहेत. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्यांच्या केसांची आणि हाडांची तपासणी केली, तेव्हा अंदाज निघाला सुमारे ३५ माणसांचा. पस्तीस काही थोडी नव्हेत. पण त्याच कवट्यांत आणखी एक गोष्ट सापडली. एका सिंहाच्या सुळ्याच्या मुळाशी पू झालेला होता. रेडा किंवा झेब्रा धरणं त्याला जमत नसावं. शिवाय त्याआधीच्या वर्षांत गुरांच्या साथीनं त्या मुलखातली गुरं आणि रानरेडे पटापट मेले होते. अशा ठिकाणी पातळ कापडाच्या तंबूंत माणसं झोपवलेली होती. चित्रपटात पॅटरसनची बंदूक दिसते, सिंहाचा दुखरा दात दिसत नाही. आणि मेलेल्या मजुरांची नावंही कुणाला ठाऊक नसतात.

दाताची कथा आपल्याकडेही आहे. कुमाऊंमधली चंपावतची वाघीण जिम कॉर्बेटनं १९०७ साली मारली. तिच्या नावावर ४३६ बळी होते. मेल्यावर तोंड उघडून पाहिलं, तर उजव्या बाजूचे वरचे-खालचे दोन्ही सुळे मोडलेले होते. जुन्या गोळीनं मोडले, असं कॉर्बेटनं लिहून ठेवलं आहे. म्हणजे आधी एका बंदुकीनं तिला नरभक्षक केलं आणि मग दुसऱ्या बंदुकीनं तिचा निकाल लावला. आपल्याला दुसरी बंदूक तेवढी आठवते.

आता महाराष्ट्रात येऊ. जुन्नर भागात धरणं झाली, कालवे आले, ऊस आला. उसात बिबट्यांना लपायला जागा मिळाली. गावात कुत्री, डुकरं, शेळ्या होत्याच. बिबटे तिथेच व्यायले, तिथेच वाढले. २००१ नंतर लोकांच्या तक्रारी वाढल्या, तसा एक उपाय मोठ्या प्रमाणावर सुरू झाला: पिंजरा लावा, बिबट्या पकडा, गाडीत घाला आणि लांबच्या जंगलात सोडून या. कुणालाही पटेल असाच उपाय. जंगलातलं जनावर जंगलात गेलं, यात वाईट काय?

विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळाचा हिशेब मांडला. ही धरपकड सुरू होण्याआधी जुन्नर भागात बिबट्यांचे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. धरपकडीच्या वर्षांत ते १७ झाले. त्यांतल्या जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाणही वाढलं. कारण उघड आहे, पण ते आधी कुणाला दिसलं नाही. पिंजऱ्यात दिवस काढलेलं, माणसांच्या गलक्यानं बिथरलेलं जनावर अनोळखी ठिकाणी टाकलं जातं. तिथे पाणी कुठे, वाट कुठे, काही माहीत नसतं. शिवाय ती जागा दुसऱ्या बिबट्याची असते. मग ते चालू लागतं आणि वाटेत माणूस भेटतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाभोवती २००२ ते २००४ या वर्षांत बिबट्यांनी माणसं मारली, लहान मुलंही मारली, तेव्हाही बाहेरून आणून सोडलेल्या बिबट्यांकडे अभ्यासकांनी बोट दाखवलं. भयपटाचा पहिला प्रसंग खरं तर इथून सुरू व्हायला हवा. रात्रीची वेळ, घाटातला रस्ता, मागचा फळका पाडलेली एक गाडी.

हे सांगताना मला एक धास्ती वाटते. आपण शहरातली माणसं पटकन बिबट्याच्या बाजूनं बोलू लागतो, कारण आपल्या दाराला कडी असते. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात काही दिवसांच्या अंतरानं तीन माणसं गेली. त्यांत दोन लहान मुलं होती. लोक महामार्गावर येऊन बसले. अखेर बिबट्याला गोळी घालावी लागली. त्या आईबापांसमोर 'बिबट्याचा अधिवास' हा शब्द उच्चारायची माझी हिंमत नाही. भीती खरी आहे. प्रश्न एवढाच की भीतीची गोष्ट सांगताना आपण मधली पानं फाडतो का.

कवी असल्यामुळे शब्दांपाशी थोडा थांबतो. वर्तमानपत्रांत ठरलेला मथळा असतो, 'बिबट्याची दहशत'. ही दहशत फारसीच्या वाटेनं मराठीत आली. 'जनावर' हा शब्दही त्याच वाटेनं आलेला. मूळ 'जानवर', म्हणजे ज्याला जान आहे तो, जीव असलेला. आपण मात्र त्याची शिवी केली. माझी दादी अंधार पडल्यावर वाघाचं नाव घेऊ देत नसे. 'मोठं जनावर' म्हणायचं. पुढे कळलं की हा शहाणपणा एकट्या तिचा नव्हता. आपल्या पालघर जिल्ह्यातली वारली माणसं वाघोबाला देव मानतात. शेंदूर लावलेला दगड किंवा लाकडी फळी, त्यावर वाघ कोरलेला, सोबत चंद्र-सूर्य. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा सुमारे दीडशे स्थानांची नोंद आहे. या देवाची एक कथा अशी की वाघोबा एका बाईच्या पोटी जन्मला. त्यानं गुरं मारली, तेव्हा आईनं त्याला रानात जायला सांगितलं आणि गावाला सांगितलं की वर्षातून एकदा याला जेवण द्या, याचं लग्न लावा. वाघबारशीला त्याची पूजा होते. बंगालच्या सुंदरबनात याच जातीची गोष्ट बनबीबीची. ती फकिराची मुलगी, आणि जंगलात मध काढायला जाणारे हिंदू-मुसलमान दोघेही तिचं नाव घेऊन आत शिरतात. या कथांतही माणसं मरतात. पण वाघ कुठून आला, हे प्रत्येक कथेत सांगितलेलं असतं. त्याला आई असते, घर असतं, त्याच्याशी काही ठरलेलं असतं.

आणि आता आमच्या वसईतून गेलेल्या एका बिबट्याची गोष्ट. आमच्या वटारला रान नाही. केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या, बावखलं, पुढे समुद्र. पण पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर आहे, २००३ साली अभयारण्य झालेला. खाडीपलीकडे बोरिवलीचं उद्यान. एप्रिल २००९ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ एक बिबट्या विहिरीत पडला. वयस्क नर. बाहेर काढताना इतका शांत राहिला की विद्या अत्रेय यांच्या गटानं त्याचं नाव 'आजोबा' ठेवलं. त्याच्या गळ्यात उपग्रहाकडून ठावठिकाणा टिपणारा पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडलं.

आजोबा चालू लागला. जवळजवळ महिनाभर चालला, सुमारे १२० किलोमीटर. कसाऱ्याजवळ रेल्वे ओलांडली. वर्दळीचा महामार्ग ओलांडला. वसईच्या औद्योगिक पट्ट्यातून गेला. खाडीचं पाणी पोहून पार केलं आणि थेट संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत त्यानं एकाही माणसाला इजा केली नाही. बहुतेकांना तो दिसलाही नाही. त्या मे महिन्यात वसईच्या कारखान्यांतून रात्रपाळी संपवून घरी निघालेले कामगार असतील, टपरीवर चहा पीत बसलेले असतील. वीस-पंचवीस पावलांवरून एक म्हातारा बिबट्या अंग चोरून गेला आणि कुणाचा चहासुद्धा सांडला नाही. आपल्या भागाच्या इतिहासात या घटनेची नोंद राहायला हवी, असं मला वाटतं. पोर्तुगीजांचा किल्ला आणि चिमाजी अप्पांची १७३९ ची मोहीम आपण शाळेत शिकतो, ते योग्यच. हेही त्याच जमिनीवर घडलं आहे.

तो मुळात बोरिवलीचाच होता का, घरी परतत होता का, याचा अंदाजच करता येतो. १ डिसेंबर २०११ रोजी घोडबंदर भागात रस्ता ओलांडताना वाहनाच्या धडकेनं तो मेला. कातडीखाली बसवलेल्या चिपवरून ओळख पटली, हा आजोबाच. रस्त्यावर मेलेला बिबट्या ही दोन ओळींची बातमी असते. नाव असल्यामुळे याचा मृत्यू ठळक झाला.

२०१४ च्या मे महिन्यात सुजय डहाके यांचा 'आजोबा' चित्रपट आला. उर्मिला मातोंडकर त्यात बिबट्याच्या मागावर असलेल्या अभ्यासक झाल्या होत्या. चित्रपट म्हणून तो मला सगळीकडे पटला नाही. संगणकावर तयार केलेला बिबट्या अधूनमधून खोटा वाटतो, आणि माणसांच्या गोष्टी जरा सैल आहेत. गल्ला भरण्याच्या दृष्टीनंही या विषयाची अडचण उघड आहे. ज्या गोष्टीत जनावर कुणालाच खात नाही, तिथे प्रेक्षकानं खुर्चीचा हात घट्ट धरायचा कशासाठी? तरीही, वाघ-बिबट्यांवरचे जे चित्रपट मी पाहिले, त्यांत जनावराला निघायचं ठिकाण आणि पोचायचं ठिकाण देणारा हा मला पहिला भेटला. पाहताना मी त्याच्यासाठी घाबरलो. रस्त्यावर गाड्यांचे दिवे दिसले की छातीत धडधडायचं.

आमच्याकडे दुसरा पाहुणा आला तो मार्च २०२४ च्या अखेरीस, वसईच्या किल्ल्यात. तुंगारेश्वरहून आला म्हणावं, तर मधे महामार्ग, रेल्वेचे चार रूळ आणि लाखोंची वस्ती. तो तिथपर्यंत कसा पोचला, ते त्यालाच माहीत. वन विभागानं कॅमेरे लावले, पिंजरे मांडले. किल्ल्यात सकाळी फिरायला जाणाऱ्यांचं फिरणं थांबलं. फेब्रुवारीतच सुरू झालेल्या भाईंदरच्या रो-रो बोटीच्या संध्याकाळच्या फेऱ्या बंद ठेवल्या. मोबाइलवर चित्रफिती फिरू लागल्या. त्यांतल्या कितीतरी भलत्याच गावच्या असाव्यात. एकीला तर कुणीतरी चित्रपटातलं पार्श्वसंगीत जोडलं होतं. आमच्या वटारच्या नाक्यावर मला विचारणारे होते, 'चाचा, इकडे येणार का हो तो?' मी म्हणायचो, आला तरी तुला कळणार नाही. हे उत्तर कुणाला आवडायचं नाही.

जवळजवळ पंचवीस दिवस तो पडक्या भिंतींत आणि झाडीत राहिला. दरवाजाबाहेर कोळीवाड्याची नेहमीची वर्दळ होती. एप्रिलमधल्या एका पहाटे तो पिंजऱ्यात सापडला. गाडी आली, पिंजरा वर चढवला, वर कापड टाकलं. उजाडेपर्यंत बघ्यांची गर्दी जमली होती, पण तोवर गाडी निघून गेली होती.