छोटा हात: धोका की गिऱ्हाईक?

रिव्हॉल्वरचा ट्रिगर जड का असतो, माहितीये? डबल ॲक्शनमध्ये एकच बोट दोन कामं करतं: सिलिंडर फिरवायचा आणि हॅमर मागे खेचून सोडायचा. बोट आखूड असलं की ते ट्रिगरला जेमतेम टोकानं टेकतं, जोर पुरत नाही.

अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या स्मिथ अँड वेसननं 1887 मध्ये हॅमर आत लपवलेलं रिव्हॉल्वर काढलं. मुठीमागची पट्टी घट्ट दाबल्याशिवाय ते उडायचंच नाही. लोकांनी त्याला चक्क लिंबू पिळायचं यंत्र म्हटलं! पोराटोरांच्या छोट्या मुठीतून गोळी सुटू नये, हा त्यामागचा विचार.

1902 मध्ये याच कंपनीनं उलट टोक गाठलं: इवल्याशा फ्रेमचं, सात गोळ्यांचं ‘लेडीस्मिथ’. ट्रिगर बोटाच्या टप्प्यात आला खरा. पण फ्रेम लहान म्हणून काडतूसही.22 चं, अशक्त. जास्त दाबाची काडतुसं त्याला झेपत नसत. 1921 मध्ये ते बंद झालं.

आणि कानपूरचं ‘निर्भीक’? दिल्लीच्या 2012 च्या घटनेनंतर, 2014 मध्ये, खास बायकांसाठी म्हणून आणलेलं. .32 चं, टायटॅनियम मिश्रधातूचं, सुमारे 500 ग्रॅम, किंमत लाखाच्या वर. पण वजन घटवलं की गोळीचा धक्का हातालाच जास्त बसतो, आणि बोट ते ट्रिगर हे अंतर काही वजनानं कमी होत नाही. हाताआधी पर्सचा विचार झाला, असं मला तरी वाटतं. सोबतची पेटीसुद्धा दागिन्यांच्या डब्यासारखी होती.